थंड टेबलाचे मीठ

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी तिने मोठ्या फ्रीजचे दार उघडले, पातेल्यावरचे झाकण बाजूला सारले, स्वच्छ चमच्याने गाजराचा एक तुकडा उचलून तोंडात घातला आणि चावता चावता थांबली. गाजर अळणी होते. मिठाचा एखादा कण कमी पडावा तसे अळणी नव्हे. कोणी नळाखाली धुऊन परत ठेवावे तसे. तिने फ्लॉवरचा तुरा खाल्ला, मग एक लहान कांदा. तिघांची साक्ष एकच होती.

एरवी तिने झाकण लावले असते आणि मान खाली घालून ती कामाला लागली असती. गेले चार महिने ती हेच करत आली होती. आज मात्र ते शक्य नव्हते. कारण याच पातेल्यातले, याच मिठातले, काल दुपारी चार वाजता याच पळीने काढलेले गाजर तिने दोन तासांपूर्वी स्वतःच्या घरी खाल्ले होते, आणि ते चोख होते.

मंडळाच्या भोजनगृहात ती थंड टेबल सांभाळत असे. जेवणाची सुरुवात तिच्या हातच्या मुरवलेल्या थंड भाजीने होई आणि त्यापुढचे सारे तिच्या धाकट्या भावाच्या शेगड्यांवरून येई. भाऊ मुख्य आचारी होता. त्याला सगळे 'मुख्य' म्हणत. तिला सगळे 'थंडताई' म्हणत, आणि हे नाव ठेवणाऱ्याला तिचा स्वभाव मुळीच ठाऊक नसावा किंवा फार चांगला ठाऊक असावा. बावीस वर्षांपूर्वी भावाला हाताला धरून या स्वयंपाकघरात तिनेच आणले होते. तो पुढे गेला, वर चढला, याचे वैषम्य तिला कधी वाटले नाही. गरम विभाग मोठा, त्याचा मुख्य तोच सर्वांचा मुख्य, हा व्यवहार तिला मान्य होता. तिची अट एकच होती, आणि ती तिने कधी बोलून दाखवली नव्हती, कारण बोलून दाखवण्याची वेळ येईल असे तिला वाटले नव्हते: थंड टेबलावरचे पातेले तिचे.

थंड भाजी करणे सोपे असते असा एक समज आहे, आणि तो ज्यांनी ती कधी केली नाही त्यांचा आहे. पाणी, व्हिनेगर, तेल, मीठ, चिमूटभर साखर, धने, मिरी आणि तमालपत्र एकत्र उकळायचे. भाज्या त्यात ज्याच्या त्याच्या वेळेने सोडायच्या; गाजर आधी, कांदे मग, फ्लॉवर शेवटी. फरसबी मात्र वेगळी उकडून अगदी वाढताना मिसळायची, कारण आंबटात रात्रभर राहिली तर तिचा हिरवा रंग शेवाळासारखा मळतो. मग पातेले दगडी ओट्यावर निवू द्यायचे आणि रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यायचे. इथवर कोणालाही जमेल. खरी मेख मिठाची आहे. थंडगार पदार्थातले मीठ जिभेला कमी लागते, आंबटपणाही कमी लागतो. शिवाय भाज्या दोन्ही रात्रभर पीत राहतात. म्हणून पातेले गरम असताना त्यातले पाणी जिभेला टोचलेच पाहिजे. जो ते गरम चाखून 'बरोबर' म्हणेल, त्याची भाजी दुसऱ्या दिवशी अळणी निघणार. शेगडीवरचा आचारी ताट बाहेर जाईपर्यंत चिमूट टाकू शकतो. थंड टेबलावरच्या माणसाला निकाल आदल्या दिवशी द्यावा लागतो, आणि त्यावर अपील नसते.

पाच महिन्यांपूर्वी तिला मोठा ताप आला. तीन आठवडे ती अंथरुणाला खिळून होती. ती परत कामावर रुजू झाली आणि पंधरा दिवसांत सभासदांच्या अभिप्रायपेटीत पहिली चिठ्ठी पडली: 'थंड भाजीची चव बिघडली आहे.' मग दुसरी, मग तिसरी. काय बिघडले, खारट झाले की आंबट की कोरे, हे लिहिण्याचे कष्ट एकानेही घेतले नाहीत. व्यवस्थापकांच्या दाढांना थंड सोसत नसे. त्यामुळे ज्या पदार्थाचा ते न्याय करत होते तो त्यांनी आजवर तोंडातही घातला नव्हता. तरी न्याय झाला. दोन आठवड्यांपूर्वी तिला टंकलिखित पत्र मिळाले. त्यात म्हटले होते की, दीर्घ आजारानंतर आपणांस चवीचे भान राहिलेले दिसत नाही. वार्षिक भोजनाच्या दिवशी पुन्हा तक्रार आल्यास थंड टेबल बंद करण्यात येईल आणि तयार भाजीची पिंपे बाहेरून मागवण्यात येतील.

पिंपांचे तिला एवढे काही वाटले नाही. 'चवीचे भान' या शब्दांनी मात्र तिच्या मनात घर केले, कारण ते खोटे आहेत असे तिला छातीठोकपणे म्हणता येत नव्हते. मीठ ती मुठीने नव्हे, काट्यावर तोलून घालत असे. काटा म्हणे बरोबर. दुसऱ्या दिवशी जीभ म्हणे अळणी. तिने काट्याचा सेल बदलला. टपालाच्या काट्यावर तोललेले पाकीट आणून ताडून पाहिले. काटा खरा निघाला. मग खोटे कोण, हे सांगायला पत्राची गरज नव्हती. घरी तिने मिठाच्या डब्याला हात लावणे सोडले, लेकीला म्हणे, "तूच घाल, मला घाई आहे." एकदा लेकीने तिला न्हाणीघरात आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी असलेली पाहिले होते, आणि दोघींनी त्याविषयी एक शब्द काढला नव्हता.

आज ते वार्षिक भोजन होते. साठ पाने, दुपारी एक वाजता. म्हणून काल तिने एक वेगळी गोष्ट केली. पातेले शेगडीवरून उतरवल्या उतरवल्या त्यातल्या दोन पळ्या भाजी, पाण्यासकट, एका बरणीत काढून घेतली आणि घरी नेली. आपली जीभ गेली असेल तर निदान लेकीची शाबूत आहे, तिलाच विचारावे.

"मीठ बघ," सकाळी सात वाजता तिने रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेली बरणी लेकीपुढे सरकवली.

"आत्ता? मी अजून दात घासले नाहीत."

"मग घास आणि बघ."

लेक टपाल कचेरीत काम करत होती. कोणाला बरे वाटावे म्हणून गोड बोलण्याची तिला घरीही सवय नव्हती आणि खिडकीतही. तिने एक गाजर खाल्ले, मग न विचारता दुसरे खाल्ले, मग कांदा. "चोख आहे. का, कोण काय म्हणालं?"

"आंबट?"

"आंबटही बरोबर. आई, तू स्वतः का नाही खाऊन बघत?"

तिने खाल्ले. लेकीची जीभ आणि तिची जीभ एकच बोलत होत्या. उरलेली बरणी तिने पिशवीत घातली, आणि कामावर येईपर्यंतच्या पंचवीस मिनिटांच्या वाटेत ती चार महिन्यांत प्रथमच ताठ चालली होती.

आणि आता हे पातेले. पातळी तीच होती, तमालपत्रे मोजून सहाच होती, झाकण तिने लावले होते तसेच होते. एका पातेल्यातली भाजी एका घरात चोख आणि दुसऱ्या ठिकाणी कोरी असेल, तर फरक भाजीत नाही, मिठात नाही आणि जिभेतही नाही. फरक इथे, ती निघून गेल्यावर पडला होता.

मागे भांडी घासणाऱ्या काकू ट्रेची चळत घेऊन आल्या होत्या.

"काकू, काल मी गेल्यावर माझ्या ओट्याशी कोण आलं होतं?"

"मी काही बोलत नाही बाई. मला अजून तीन वर्षं नोकरी करायचीय."

"म्हणजे आलं होतं."

"ते तुम्ही म्हणालात, मी नाही." काकूंनी ट्रे खाली ठेवले आणि एकदा दाराकडे पाहिले. "मुख्य येतात. रोज नाही, तुमचं पातेलं निवत असलं की, मी ते फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी. हातात लिटरचं माप असतं. भरून आणतात, भरून नेतात. मला वाटलं, तुम्हीच सांगून ठेवलंय. भाऊ-बहिणीचं काही असेल, आपण कशाला नाक खुपसा."

"कधीपासून?"

"तुम्ही तापातून उठून आलात ना, तेव्हापासून." मग, गप्प बसणे जमले नाही म्हणून, "प्लेटीही तेव्हापासूनच भरलेल्या परत येतात. माणसं काय खात नाहीत ते माझ्याइतकं कोणाला कळत नाही."

तळपायाची आग मस्तकाला जाते असे म्हणतात. तिची वर गेली नाही. ती पायातच राहिली आणि पाय चालू लागले.

गरम विभागात भाऊ सुपाच्या मोठ्या भांड्यात झारा फिरवत उभा होता. दोन मदतनीस मटार सोलत होते.

"धाकट्या, शेगडी बंद कर."

"ताई, आत्ता नको. सूप लागेल खाली."

"लागू दे."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि शेगडी बंद केली. मदतनिसांनी मटारांमध्ये अधिक लक्ष घातले.

"माझ्या पातेल्यात काल काय घातलंस?"

"कोणी सांगितलं तुला?"

"मी काय विचारलं?"

"पाणी," तो म्हणाला. "दोन लिटर काढलं, दोन लिटर घातलं. आणि नळाचं नाही हां, उकळून गार केलेलं. तेवढं मला कळतं."

"का?"

"ताई, आपण बाहेर बोलू."

"इथेच बोल. तुझ्या मापाला इथे यायला लाज वाटली नाही."

त्याने झारा भांड्याच्या काठावर आडवा ठेवला. "खारट होतं. तोंडात धरवत नव्हतं. आंबट तर असं की डोळे मिटावे. साठ माणसं बसणार, साहेब टपून बसलेत; मी काय बघत राहायचं?"

"पातेलं गरम होतं?"

"कोमट."

"बावीस वर्षांत माझं पातेलं कोमट असताना तू कितीदा चाखलंस?"

"एकदाही नाही. कशाला चाखीन? तेव्हा गरज नव्हती."

"गरज कधीपासून पडली?"

त्याने झारा उचलून पुन्हा ठेवला. मग त्याने जो आवाज काढला तो तिला सर्वांत असह्य झाला, कारण तो आजाऱ्याशी बोलण्याचा आवाज होता. "तुझ्या तापानंतर मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, कधी कधी जीभ जाते, परत येईलच असं नाही. तू आलीस त्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम चाखून बघितलं. तेव्हाच कळलं. मग म्हटलं, आपण आहोत ना, सांभाळून घेऊ. आधी एक लिटरच बदलत होतो. तक्रारी यायला लागल्या तेव्हा दोन केलं."

"तक्रारी खारटपणाच्या होत्या?"

"मग कशाच्या असणार?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला वाईट वाटलं असतं, ताई."

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा माणूस अडाणी असता, तर त्याने पातेल्याला हात लावण्याचे धाडस केले नसते. आणि आळशी असता, तर हात लावण्याचे कष्ट घेतले नसते. तो उत्तम आचारी होता. त्याची जीभ तंतोतंत खरी होती, आणि जे समोर आहे ते आत्ता बरोबर असले पाहिजे ही त्याची सारी विद्या होती. तिच्या पातेल्याचा नाश करायला एवढी चांगली जीभच लागत होती. हे तिला त्या क्षणी उमगले, आणि त्याने तिचा राग तिळमात्र कमी झाला नाही; उलट त्याला बसायला जागा मिळाली.

ती परत गेली, एका वाटीत पातेल्यातली भाजी घेतली, दुसऱ्या वाटीत बरणीत उरलेली, आणि दोन्ही त्याच्यापुढे आदळल्या.

"ही खा."

त्याने खाल्ली. "बरी आहे."

"बरी?"

"थोडी मवाळ आहे. चालेल."

"आता ही."

त्याने दुसऱ्या वाटीतले गाजर तोंडात घातले आणि त्याची हनुवटी हलायची थांबली. मटार सोलणाऱ्यांचे हातही थांबले. त्याने आणखी एक तुकडा घेतला, आणि तो गिळून झाल्यावर विचारले, "ही कोणी केली?"

"मी. काल. त्याच पातेल्यातली आहे, तू माप घेऊन येण्याच्या आधीची. ही तुला तोंडात धरवत नव्हती."

 त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू हिशेबाला लागत होते: पहिली चिठ्ठी, दुसरी, एक लिटर, दोन लिटर. ती उभी राहून ते पाहत होती आणि मदत करत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे ताई, त्या चिठ्ठ्या..."

"बोल. वाक्य पुरं कर."

त्याने ते पुरे केले नाही. त्याऐवजी तो म्हणाला, आणि हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते, "थांब. वरून मीठ भुरभुरू, चार लिंबं पिळू, पाच मिनिटांत ताळ्यावर आणतो."

"बाहेरून खारट आणि आतून कोरं? हे तुझं सूप नाही, धाकट्या. रात्रभर गाजराने पाणी प्यायलंय. ते आता तुझ्या भुरभुरण्याने मीठ पिणार नाही. पातेलं आपल्या लोकांच्या जेवणात वाढ. हात धू आणि सुरी घेऊन माझ्या टेबलाशी ये."

"माझं सूप?"

"त्यांना बघू दे." तिने मदतनिसांकडे बोट केले. "मटार सोलायला दोघं लागत नाहीत."

दहा वाजले होते. तिच्या हातात तीन तास होते आणि हवे होते अठरा. जे जाड आहे ते तीन तासांत मुरत नाही. म्हणून जाड ठेवायचेच नाही, हा एकच मार्ग होता. फ्रीजमध्ये काकड्या होत्या, गाजरे होती, कांदे होते. सारे कागदासारखे पातळ कापायचे, मीठ लावून अर्धा तास निथळायचे, पिळायचे, आणि व्हिनेगर, तेल, कुटलेले धने यांत घालून बर्फावर ठेवायचे. तिने हे एका दमात सांगितले आणि बारा किलो काकडी त्याच्यापुढे ओतली.

ती गाजरे कापू लागली. 

"जाड कापतोयस."

"ही जाड? हिच्यातून वर्तमानपत्र वाचता येईल."

"मथळे वाचता येतील. बातमी वाचता आली पाहिजे."

त्याने सुरी तिरकी केली. "मी चांगल्यासाठीच केलं, ताई."

"माहीत आहे."

"मग एवढं काय..."

"तू वर्षभर कोणाच्या चपलेत खडा ठेवलास आणि तो लंगडतोय म्हणून रोज त्याला हात देत राहिलास, तर त्याने तुझे आभार मानावेत का?"

"चार महिने. वर्ष नाही."

"काप."

पाणी, व्हिनेगर आणि तेलाचे मिश्रण तयार झाल्यावर त्याने सवयीने चमचा पुढे केला. तिने तो पळीच्या दांड्याने बाजूला केला, मग विचार बदलला. "नाही, घे. चाख."

त्याने चाखले आणि तोंड वाकडे केले. "जास्त आहे."

"असायलाच हवं."

"पण जीभ सांगतेय ना."

"जीभ आत्ताचं सांगते. माणसं एक वाजता जेवणार आहेत, आणि तेही बर्फावरचं."

 ते मिश्रण त्याने तिने सांगितले तेवढेच, तिने सांगितले तसे, एका थेंबाची भर न घालता भाज्यांवर ओतले. आणि त्या संयमाचे त्याला किती कष्ट पडले हे तिच्या दृष्टीतून सुटले नाही.

साडेअकराला तिने हात पुसले. "आता दुसरं. साहेब पावणेएकला येतील. त्यांना तू सांगायचंस."

"सांगेन की. आज गडबड आहे. सवडीने सांगतो."

"आज. ट्रॉली बाहेर जायच्या आधी."

"सगळ्यांसमोर माझी शोभा करायचीय तुला?"

"माझी झाली. चार महिने झाली, आणि तू पुढच्या रांगेत बसून बघत होतास. त्यांनी लिहून दिलंय मला, चवीचं भान नाही म्हणून. ते वाक्य मी रोज घरी नेते, परत आणते. ते मला खोडता येत नाही. तुला येतं."

"मी मुख्य आहे इथला, ताई. मदतनिसांसमोर मी चुकलो म्हटलं तर उद्या माझं कोण ऐकेल?"

"मी मुख्य नाही. तरी आज तू माझं ऐकलंसच ना?"

त्याने पाटावरून फडके फिरवले. तिने ते होकारार्थी धरले नाही, नकारार्थीही धरले नाही. तिने एक एक पाकळी ओळीने लावत साठ बशा भरल्या, कडेला हिरवीगार फरसबी ठेवली, आणि ट्रॉलीच्या पाच कप्प्यांत बारा बारा बशा रचल्या. मग बर्फावरच्या परातीत उरलेली एक चकती खाल्ली. मीठ बरोबर होते. आंबट बरोबर होते. कोणाला विचारावे असे तिला वाटले नाही.

पावणेएकला व्यवस्थापक आले. त्यांनी ट्रॉलीकडे पाहिले, मग तिच्या टेबलाशी हातात सुरी घेऊन उभ्या असलेल्या मुख्यांकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"वा. मुख्य, आज तुम्ही स्वतः. मी म्हणतच होतो, या भाजीत कोणीतरी जाणत्याने लक्ष घालायला हवं."

भावाने सुरी फडक्याने पुसली. ती स्वच्छच होती. त्याने ती पुन्हा पुसली. तिने वाट पाहिली. एखादे वाक्य तोंडाशी यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ तिने दिला. दोघे वाढपी ट्रॉली ढकलायला पुढे झाले, तेव्हा तिने पायाने चाकाचा ब्रेक दाबला आणि पाय त्यावरच ठेवला.

"ही ट्रॉली बाहेर जाणार नाही."

"म्हणजे काय?" व्यवस्थापक म्हणाले. "लोक बसलेत."

"बसू देत. भाजी थंड आहे, निवायचं भय नाही. मुख्यांना काही सांगायचंय. ते सांगून झालं की जाईल."

"ताई," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

"मला नाही. त्यांना."

काकूंनी मागे नळ बंद केला. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात नळ बंद झाल्याचे सर्वांना कळले.

"साहेब," भाऊ म्हणाला, "मी चार महिने लक्ष घालतोच आहे."

"उत्तम."

"उत्तम नाही, साहेब. ऐका जरा. ताई घरी गेल्यावर मी तिच्या पातेल्यात पाणी घालत होतो. मला ते खारट लागायचं, कारण ते गरम असायचं. गरम असताना ते खारटच लागायला हवं, तर दुसऱ्या दिवशी बरोबर लागतं. हे मला माहीत नव्हतं. मी पाणी घालायचो, भाजी अळणी व्हायची, चिठ्ठी यायची. चिठ्ठी आली की मी आणखी पाणी घालायचो."

व्यवस्थापकांनी हे सारे समजून घेण्याचा प्रयत्न केला. "म्हणजे ताईंची चव..."

"ताईची चव जागेवर आहे. कधी गेलीच नव्हती. त्या चिठ्ठ्या माझ्या आहेत."

"पण मग आमच्या पत्राचं काय?"

"ते परत घ्यायचं," ती म्हणाली. "तोंडी नाही. जसं दिलंत तसं, टंकलिखित, सहीशिक्क्याचं. चवीचं भान आहे असं त्यात लिहायचं."

"हे जेवण होऊ द्या, मग बघू."

"'बघू' नको."

त्यांनी घड्याळाकडे पाहिले, तिच्या पायाकडे पाहिले. "उद्या सकाळी देतो. आणि मुख्य, हे तुमच्या नोंदीत जाईल."

"जाऊ द्या," भाऊ म्हणाला. त्याची मान खाली होती.

तिने पाय उचलला. ट्रॉली गेली.

दोन वाजता काकू रिकाम्या बशांची पहिली चळत घेऊन आल्या आणि तिच्यापुढे मुद्दाम थांबल्या. "कोऱ्या आल्यात. चौघांनी काकडी ठेवलीय, पण काकडी न खाणारी माणसं जगात असतातच. तुमचं ते पातेलं मात्र आमच्या पंगतीत कोणी संपवेना. सगळे मीठ मागतायत."

"त्यात माझं काही नाही. मुख्यांना सांगा."

"सांगितलं. ते वाटीभर घेऊन बसलेत. एकटेच खातायत." काकू बशा घेऊन पुढे गेल्या.

तीन वाजता तो आला. ती उद्याच्या भाजीसाठी मीठ तोलत होती. तो ओट्यापासून दोन हात दूर उभा राहिला, जणू तिथे कोणी रेघ मारली होती.

"सांगितलं ना सगळ्यांसमोर? झालं ना तुझ्या मनासारखं?"

"हो."

"माझ्या नोंदीतही गेलं. आता मदतनीस हसतायत."

"ऐकलं मी."

"मग आता तरी राग सोड, ताई. मी वाईटासाठी केलं नव्हतं."

तिने काट्यावरचा आकडा पाहिला, दोन कण काढले आणि मीठ भांड्यात ओतले. "तेच तर. वाईटासाठी केलं असतंस तर एकदा कडाकडा भांडून मी मोकळी झाले असते. तू माझी काळजी घेत होतास. चार महिने तू माझ्याकडे बघून मनात 'बिच्चारी' म्हणत होतास, आणि मी आरशापुढे जीभ बाहेर काढून तेच म्हणत होते. घरात मिठाच्या डब्याला घाबरत होते. हा राग आजचा नाही, धाकट्या. चार महिने मी तो स्वतःवर काढला. आज त्याला खरं घर सापडलंय. तो इतक्यात उठून जायचा नाही."

 मग त्याने अगदी प्रामाणिकपणे, भाजी किती वेळ मुरवायची हे विचारावे तसे, विचारले, "किती दिवस?"

"मला नाही माहीत."

"रविवारी जेवायला येऊ?"

"येऊ नकोस."

"पुढच्या?"

तिने पातेल्याखालची शेगडी मोठी केली. पाण्याला आधण आले तसा व्हिनेगरचा उग्र वास दोघांच्या नाकात शिरला, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले, ते त्या वासाने. तिने पळीभर पाणी घेऊन फुंकले, चाखले. जीभ सणसणीत टोचली. तिने पळी खाली ठेवली आणि गाजरे आत सोडली.

तो अजून तिथेच होता.

"तुझी सुरी राहिलीय टेबलावर," ती म्हणाली. "घेऊन जा."

तो ती घेऊन गेला.